पाक: एकतारीपासून गोळीबंदपर्यंत

औषधाच्या बाटलीवरचा 'सिरप' हा शब्द अरबी 'शराब'वरून, म्हणजे पेयावरून आला. सरबतही त्याच घराण्यातलं. 'पाक' मात्र संस्कृत 'पच्' धातूचा, शिजवण्याशी नातं सांगणारा. आणि पाकात सगळी गंमत शिजवण्याचीच आहे.

२ वाट्या साखरेला १ वाटी पाणी घ्या. पातेलं जाड बुडाचं आणि ऐसपैस हवं, कारण पाक फसफसून वर येतो. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी फुटली की चमचा बाहेर. चमचाभर दूध घाला. दुधातली प्रथिनं थिजताना कचरा धरून वर येतात, ती मळी झाऱ्याने काढून टाका.

पुढे घड्याळावर विसंबू नका. पाणी उडतं तसं तापमान चढतं, आणि शेवटचे अंश भराभर चढतात. म्हणून तार बघताना गॅस बंदच करा. थेंब ताटलीत घेऊन किंचित निवू द्या, मग अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच उघडा. एक तार निघाली तर एकतारी, साधारण १०५ अंश सेल्सिअस. दोनतारी ११० च्या आसपास. ११२ ते ११६ ला गोळीबंद: गार पाण्याच्या वाटीत टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते.

पाकाची परत साखर होते ती बहुधा कडेमुळे. पातेल्याला चिकटलेला एखादा दाणा आत पडतो आणि त्याभोवती खडे जमत जातात; उकळताना ढवळलं तरी तेच. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. मळी काढल्यावर अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि खडे जमायला अडथळा येतो. नुसत्या चवीसाठी लिंबू पिळतात हा गैरसमजच.

पाक पुढे गेला तर गॅस बंद करून २-३ चमचे गरम पाणी बेताने घाला (गार पाण्याने तो अंगावर उडतो) आणि पुन्हा तार बघा.

बाटलीत भरून ठेवायचा असेल तर तार नकोच. वजनाने २ भाग साखर, १ भाग पाणी. साखर विरघळली की लगेच उतरवा. यापेक्षा बराच पातळ राहिला तर बुरशी धरते, दाट झाला तर गार झाल्यावर तळाशी खडे बसतात.