काडतूस भरताना बोट का चेमटतं? बारा बोरवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापुरात बारा बोरची बंदूक दिसते ती ठरावीक ठिकाणी. नवी पेठेतल्या एखाद्या बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीत, नाहीतर मोहोळ-बार्शीकडच्या एखाद्या वाड्यात, आजोबांच्या लायसनवरून नातवाच्या लायसनवर आलेली. यातली बरीच हत्यारं वर्षानुवर्षं एकही बार काढत नाहीत. रोज होतं ते एवढंच: सकाळी भरायची, संध्याकाळी रिकामी करायची. त्यामुळे मी पाहिलेल्या जखमा बार उडाल्याच्या नाहीत, बंदूक भरण्याच्या आहेत. काळंनिळं नख, अंगठ्याच्या पेरावर चीर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातलं सोललेलं कातडं. गनमन लोकांना हत्यार शिकवत असल्यामुळे असे हात नेहमीच समोर येतात.

‘‘अण्णा, अंगठ्याला काय झालं?’’

‘‘काय नाही ओ सर, पंपानं चावलं.’’

पंप म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून चालवायची बंदूक, ती चावत नाही. बंदुकीत हलणारे भाग मोजकेच असतात आणि त्यांच्या जाण्यायेण्याची वाट ठरलेली असते. बोट त्या वाटेत ठेवलं की चेमटणारच. वाट एकदा नीट समजली की निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी घाईची, आणि घाई सगळ्यात जास्त होते ती ड्युटी बदलताना.

रिकामी आहे असं गृहीत धरणं

‘रिकामीच आहे’ म्हणून दिलेली बंदूक हातात आली की आधी तोंड सुरक्षित बाजूला, बोट चापाच्या कड्याबाहेर आणि मग बंदूक उघडून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री. देणाऱ्याने तुमच्यासमोर उघडून दाखवली असली तरी तुम्ही पुन्हा बघायचं. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, फौजेतून आलेली मंडळी हे न सांगता करतात. सुरक्षित बाजू म्हणजे फरशी नव्हे, फरशीवरून छर्रे उसळतात. बँकेच्या मागच्या बाजूला वाळूने भरलेली पेटी किंवा पोती रचून ठेवावीत आणि भरणं-रिकामं करणं तिथेच, नळीचं तोंड वाळूकडे ठेवून करावं. कॅश काउंटरसमोर रांगेतली माणसं बघत असताना हे काम करूच नये.

उघडलीच आहे तर नळीतूनही उजेडाकडे बघून घ्या. बघायचं ते मागच्या, म्हणजे काडतूस घालायच्या बाजूने. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. शेतात बंदूक टेकवली तर काळी माती तोंडात बसते, आणि ती वाळली की दगडासारखी होते. अशा नळीतून बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते, आणि नळीखाली तुमचा डावा हात असतो.

दुनाळी झटक्यात मिटणं

पडद्यावरचा नायक एका हाताने झटका देऊन दुनाळी खट्टकन मिटतो. तसं केलं की कळ आणि बिजागरी झिजते, हा भाग बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा. आपला भाग बोटांचा आहे. उघडलेल्या दुनाळीत दोन जागा चिमटा काढतात. एक, चेंबरचं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचं) तोंड आणि त्याच्यासमोरची दस्त्याकडची सपाट लोखंडी पाटी यांच्यामधली फट. दुसरी, बिजागरीपाशी पुढच्या लाकडाच्या मागची. काडतूस अंगठ्याने आत ढकलून अंगठा तिथेच ठेवायचा आणि उजव्या हाताने दस्ता वर आणायचा, ही नेहमीची चूक. दोन्ही हात एकाच वेळी कामाला लागतात तिथेच घोटाळा होतो.

काडतूस घातलं की त्याच्या बुडाची पितळी कडा खाचेत सपाट बसली का, ते बोटाच्या टोकाने चाचपा. मग तो हात पुढच्या लाकडाखाली न्या, बोटं लाकडाच्या मधोमध धरा. दुसऱ्या हाताने दस्ता हळू वर आणून मिटा. नळ्या वर उचलून दस्त्याला भिडवायच्या नाहीत, दस्ता नळ्यांकडे आणायचा. म्हणजे नळ्यांची तोंडं खाली वाळूकडेच राहतात, समोरच्या माणसाच्या पोटाकडे येत नाहीत. शेवटी वरची कळ मधोमध येऊन बसली का बघा. मिटताना अडलं तर जोर लावू नका. पुन्हा उघडा. काडतूस फुगलेलं असतं, बसलेलं नसतं, किंवा खाचेत कचरा असतो. जुनी कागदी काडतुसं दमट जागी पडून राहिली की फुगतात. ती बडवून बसवण्यापेक्षा बाजूला काढलेली बरी.

घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आपटणारे भाग, बाहेर असलेल्या जुन्या बंदुकीचं वेगळं आहे. भरून झाल्यावर चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवायचा प्रकार पुष्कळ जण करतात. एप्रिल-मेच्या घामट अंगठ्याखालून घोडा निसटला तर बार उडतो, आणि अंगठ्याची साल निघते ती वेगळी. आधी बंदूक उघडा, काडतुसं काढा, मगच घोडे उतरवा. घोडे आत असलेली दुनाळी उघडताना आपोआप चढते, त्यामुळे मिटल्यावर ती चढलेलीच समजायची, बाहेरून काही दिसत नाही. सेफ्टी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ दुनाळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. बंदूक जोरात आपटली तर चापाला हात न लावताही बार उडू शकतो.

पंपाच्या पोटात अंगठा विसरणं

अण्णांचा अंगठा इथलाच. पंप अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं खालच्या बाजूने, नळीखालच्या नळकांड्यात ढकलायची असतात. तोंडाशी काडतूस वर उचलणारी एक पट्टी असते, तिला लिफ्टर म्हणतात. काडतूस ढकलताना अंगठा लिफ्टर ओलांडून आत जातो आणि मागे येताना लिफ्टरची कड नखाच्या मुळाशी बसते. त्यातच काडतूस अर्धवट ढकललेलं असलं तर नळकांड्यातली स्प्रिंग ते परत मागे फेकते आणि पितळी बूड अंगठ्यावर आदळतं. एकाच अंगठ्याला दोन्हीकडून मार.

उपाय साधा आहे. सेफ्टी लावा, बंदूक पोटाशी उलटी धरा, तोंड वाळूकडे ठेवा. काडतुसाचं बूड अंगठ्याच्या गुबगुबीत भागाने ढकला, नखाच्या टोकाने नाही. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ढकला. तो आवाज म्हणजे काडतुसाची कडा अडकणीच्या पुढे गेल्याची खूण. आवाजाआधी अंगठा सोडला की काडतूस मागे येऊन लिफ्टरपाशी अडकतं, मग ते काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. आवाज आला की अंगठा वाकवून वर ओढू नका, ज्या सरळ रेषेत गेला त्याच रेषेत मागे घ्या. जाड हातमोजे घालून भरू नका. मोज्याचं कापड लिफ्टरमध्ये धरलं जातं आणि घाबरून हात ओढला की कातडं जातं. अंगठीही काढून ठेवलेली बरी.

काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून काडतूस टाकायची वेळ आली, तर पंप मागे ओढलेल्या स्थितीत दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. खिडकीत बोटं असताना पंप पुढे सरकला तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा लोखंडी ठोकळा, बोटांवर येतो.

रिकामी करतानाची चूक याहून वाईट. पंप मागे-पुढे करत एकेक काडतूस बाहेर फेकणं म्हणजे प्रत्येक खेपेला एक जिवंत काडतूस चेंबरमध्ये नेणं. त्यात बोट चापावर गेलं की संपलं. ज्या मॉडेलमध्ये अडकण दाबून नळकांड्यातली काडतुसं एकेक करून थेट खाली काढता येतात, त्यात तसंच करा. शेवटी चेंबर उघडून बघा, करंगळी घालून चाचपा. पण पंप मागे धरून ठेवूनच.

सेमी ऑटोमॅटिकचं बटण

बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच भरून घेणारी ही बंदूक आपल्याकडे कमी, त्यामुळे थोडक्यात. बोल्ट मागे अडकवलेला असतो, तो स्प्रिंगच्या जोराविरुद्ध अडकणीने थांबलेला असतो. काडतूस तळहातावरून खिडकीत सोडा, हात पूर्ण बाहेर घ्या, हात बाहेर आल्याचं डोळ्यांनी बघा, मग बोल्ट सोडणारं बटण दाबा. खिडकीत बोट ठेवून दुसऱ्या हाताने बटण चाचपत बसलात तर ती स्प्रिंग दया करणार नाही.

बसतं म्हणून चालतं असं समजणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे नख नाही, हात जातो.

बारा बोर म्हणजे नळीच्या व्यासाचे शिशाचे बारा गोल गोळे मिळून एक पौंड वजन. व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. 20 बोरची नळी त्याहून बारीक, साधारण 15.6 मिलिमीटर. आता 20 बोरचं काडतूस बारा बोरच्या चेंबरमध्ये टाकलं तर ते बाहेर पडत नाही. ते आत घसरतं आणि चेंबरच्या पुढे, नळी अरुंद होते तिथे जाऊन अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं वाटतं. तो मग बारा बोरचं काडतूस घालतो, तेही व्यवस्थित बसतं. बार काढला की पुढचं काडतूस अडथळा होतं आणि नळी फुटते, नेमकी पुढच्या हाताजवळ. याच भीतीने 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगात करायची रूढी पडली आहे. पण रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा. आणि दोन बोरांची काडतुसं एकाच खिशात, एकाच पिशवीत कधीच नकोत.

दुसरी गल्लत लांबीची. जुन्या विलायती दुनाळ्यांचं चेंबर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं. बाजारात मिळतं ते काडतूस सहसा 70 मिलिमीटरचं. घालून बघा, आरामात बसतं. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंडाची घडी उलगडल्यावरची असते, न उडवलेलं त्याहून आखूड असतं. बार होताना घडी उलगडायला जागा नसली की तोंड नळीच्या अरुंद भागात दाबलं जातं आणि दाब वाढतो. तेव्हा नळीच्या खाली चेंबरजवळ कोरलेला आकडा भिंगातून वाचा. कोरलेलं काही दिसत नसेल, किंवा नळीवर लाटांसारखी नक्षी असलेली पिळाच्या लोखंडाची जुनी नळी असेल, तर ती बंदूक वाड्यात शोभेला असू द्या आणि जाणत्या कारागिराने मापल्याशिवाय तिच्यात काही घालू नका. आजोबांनी चालवली होती हे कारण पुरत नाही. आजोबांची काडतुसं वेगळी होती.

न उडालेलं काडतूस लगेच काढायला जाणं

चाप ओढला, ‘टिच्’ झालं, बार नाही. पहिली ऊर्मी होते उघडून बघायची. थांबा. तोंड सुरक्षित बाजूला धरून निदान 30 सेकंद जाऊ द्या, कधीकधी बार उशिरा होतो. मग तोंड आणि हात बंदुकीच्या मागच्या रेषेतून बाजूला ठेवून उघडा. उलट प्रकारही असतो. बार अगदी फुसका वाजला तर दुसरं काडतूस घालायच्या आधी नळीतून बघा, कारण आधीच्या काडतुसातला गुट्टा (दारू आणि छर्ऱ्यांमधला अडसर) नळीतच राहिलेला असू शकतो.

अडकलेल्या जिवंत काडतुसाला मागून स्क्रू ड्रायव्हर लावणं म्हणजे टोपीवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर) घोडा मारण्यासारखंच आहे. समोरून गज घालून ठोकणंही नको, तो गज धरलेला हात नळीच्या तोंडासमोर असतो. दुनाळी असेल तर ती उघडीच ठेवा, उघड्या बंदुकीचा घोडा टोपीपर्यंत पोचत नाही. मग बंदुकीच्या दुकानदाराला किंवा आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा.

सरावासाठी खरी काडतुसं वापरणं

हात बसायला सराव हवाच, पण तो डमी काडतुसांवर. उडवलेल्या काडतुसांची रिकामी खोकी पंपात चालत नाहीत, तोंड उलगडून लांब झालेली असल्यामुळे ती लिफ्टरवर अडतात आणि चुकीची सवय लागते. सराव करताना खरी काडतुसं त्या खोलीतच नसावीत. ती ठेवायची जागा थंड, कोरडी आणि कुलूपबंद हवी. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत काडतुसं ठेवून दिवसभर उन्हात उभी करणं अजिबात नको.

शेतकऱ्यांसाठी जाता जाता: उसातलं रानडुक्कर असो की नान्नजकडच्या रानातलं काळवीट, वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर बंदूक रोखायची नाही. आणि वरातीत हवेत बार काढणं 2019 च्या शस्त्र कायदा दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चेमटलंच तर

आधी बंदूक खाली, तोंड वाळूकडे, काडतुसं बाहेर. दुखण्याच्या भरात भरलेली बंदूक तशीच भिंतीला टेकवणारे लोक आहेत. मग अंगठी असली तर सूज चढण्याआधी काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. नखाखाली रक्त साकळलं म्हणून घरी सुई तापवून टोचू नका. बोट वाकत नसेल, वाकडं दिसत असेल किंवा चीर खोल असेल तर सरळ सिव्हिलला जाऊन एक्स-रे काढा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. गनमनचं लायसन स्वतःच्या नावावर असलं तर ती बंदूक बदली माणसाच्या हातात देता येत नाही. तेवढे दिवस मॅनेजरला सांगून ती कुलपात ठेवा आणि बिनहत्यारी ड्युटी मागून घ्या.