किनाऱ्यावर एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) कसे ठरवावे

तारकर्लीच्या वाळूवर भर दुपारी काढलेला फोटो घरी येऊन पाहावा, तर वाळू राखेसारखी करडी आणि माणसांचे चेहरे काळवंडलेले दिसतात. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरूनच कॅमेऱ्यातील मीटर प्रकाश मोजत असल्यामुळे, लख्ख वाळू आणि चमचमते पाणी दिसताच तो प्रकाश कमी करतो. पावसात भिजून काळपट झालेल्या जांभ्याच्या गडग्यासमोर मात्र तोच मीटर फोटो फिकट करून ठेवतो.

म्हणून प्रथम मॅन्युअल मोड (ज्यात आकडे आपणच ठरवतो) निवडून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० ठेवावा. निरभ्र दुपारी ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/१६ आणि शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/१२५ सेकंद, ही जुन्या छायाचित्रकारांची सुरुवात आजही चालते. त्यानंतर ॲपर्चर एफ/११ केले की प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा शटर १/२५० करावे. एफ/८ ला १/५००. उजेड तेवढाच राहतो, बदलते ते चित्र: रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांचे हात आणि उडणारे तुषार गोठवायचे असतील तर वेगवान शटर घ्यावे, आणि जवळच्या होडीपासून मागच्या सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत सारे स्पष्ट हवे असेल तर लहान ॲपर्चर. एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होते, हा उलटा हिशेब अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात.

सूर्यास्ताच्या वेळी सूर्य चौकटीबाहेर ठेवून शेजारच्या आकाशावर मोजणी करावी, मग चौकट हलवावी. अंधारू लागल्यावर अर्ध्या सेकंदाच्या शटरने लाटा धुक्यासारख्या उमटतात. त्यासाठी ट्रायपॉड हवाच, आणि त्याचे पाय ओल्या वाळूत आधीच खोल दाबावेत, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू नेते आणि कॅमेरा नेमका त्याच क्षणी हलतो.

रात्री दशावतारी नाटकात ॲपर्चर पूर्ण उघडून, शटर १/२०० पेक्षा मंद न करता, आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत चढवावा. फोटोत दाणे आले तरी चालतील. हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही.

स्वयंचलित मोडच वापरायचा असेल, तर वाळूवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) अधिक १ करावे आणि हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहावा: आलेख उजव्या कडेला आपटलेला असेल, तर एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मागे यावे. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. टोपीची सावली करून पाहिलेले बरे.