आधी यार्डात जा

वाहन उद्योगाच्या बातमीदारीत येणारी नवी मुलं मला विचारतात, गाड्यांचं किती ज्ञान हवं? इंजिन, गिअर वगैरे हळूहळू कळतं. आधी विक्रीचा आकडा वाचायला शिका.

पहिल्या वर्षी मी तिथेच चुकले. एका कंपनीचं पत्रक आलं, विक्री वाढली. मी तशीच बातमी दिली. दुसऱ्या दिवशी एका डीलरचा फोन आला, "मॅडम, जरा आमच्या यार्डात येऊन जा." गेले. नव्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा. काचांवर बोटाने नाव गिरवता येईल एवढी धूळ, सीटवरचं प्लास्टिक तसंच. त्यांनी एक गाडी चालू करायला घेतली, तर बॅटरी उतरलेली. चासी नंबरवरून कळलं, गाडी चार महिन्यांपूर्वी बनली होती. कंपनीच्या हिशेबात मात्र ती कारखान्यातून निघाली तेव्हाच विकली गेली होती!

कंपन्या महिन्याच्या 1 तारखेला देतात तो बहुतेक वेळा घाऊक आकडा असतो, म्हणजे डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा. फाडा ही डीलरांची संघटना नोंदणीवरून देते तो किरकोळ विक्रीचा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

आशियातला गाड्यांचा बाजार समजून घ्यायला पंचांग फार उपयोगी पडतं. पितृपक्षात आपल्याकडे गाडी घ्यायला लोक कचरतात, पण नवरात्रासाठी डीलरकडे माल तेव्हाच येऊन पडतो. चीनमध्येही असंच आहे. तिथलं चांद्र नववर्ष 2023 मध्ये 22 जानेवारीला होतं, 2024 मध्ये 10 फेब्रुवारीला. सुट्ट्यांचा महिनाच बदलला, मग नुसत्या जानेवारीची जानेवारीशी तुलना करून काय कळणार? जानेवारी आणि फेब्रुवारीची बेरीज करूनच लिहा.

आणि सुट्या भागांवर लक्ष ठेवा. मार्च 2011 च्या भूकंपात जपानमधला रेनेसास कंपनीचा ‘नाका’ नावाचा चिप कारखाना बंद पडला आणि दूरदूरच्या वाहन कंपन्यांचं उत्पादन अडलं. त्याच वर्षी थायलंडच्या पुरात होंडाचा अयुथ्थयातला कारखाना पाण्यात गेला.

चाकणला गेलात तर मोठ्या कंपनीच्या गेटवर ताटकळू नका. तिला माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये जा, चहा घ्या, किती पाळ्या चालू आहेत ते विचारा. रात्रपाळी बंद झाली की मागणी मंदावल्याचं मला तिथेच आधी कळतं. कंपनीचं पत्रक नंतर येतं.