भिंतीवरचा चेंडू: दंडाची ताकद आणि हात-डोळ्यांचा मेळ कसा वाढवावा

दंडात ताकद यावी म्हणून बरेच जण पहिल्याच दिवशी दोन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) उचलतात आणि चौथ्या दिवशी खांदा धरून बसतात. फेकताना लागणारा जोर लगेच कळतो. आलेला चेंडू थोपवताना आणि फेकलेला हात आवरताना खांद्याचे लहान स्नायू ताणले जातात, ते मात्र दुसऱ्या दिवशी कळतं. खांद्याची वाटी खुब्यासारखी खोल नसते. त्या उथळ वाटीत हाड धरून ठेवण्याचं काम मुख्यतः चार लहान स्नायूंचं. त्यांना सवय होईपर्यंत वजन वाढवायचं नाही.

सुरुवात व्हॉलीबॉलने करा. त्याचं वजन 260 ते 280 ग्रॅम असतं. पाच नंबरचा फुटबॉल 410 ते 450 ग्रॅमचा, तो नंतर. टेनिस बॉल जेमतेम 56 ते 59 ग्रॅमचा, पण मेळ बसवायला तोच उत्तम. मोठ्या चेंडूत हवा इतकीच ठेवा की अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबेल. टम्म भरलेला चेंडू भिंतीवरून थेट तोंडावर येतो.

आता जागा. आपल्याकडे कोकणात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, उघडी भिंत बऱ्याच घरांना असते, पण जांभ्याच्या खळग्यांवर आपटून चेंडू वाकडातिकडा परततो. नवशिक्यांनी गिलावा केलेली भिंत निवडावी. हात बसला की चिऱ्याची भिंत मुद्दाम घ्या. चेंडू कुठे जाईल याचा अंदाज बांधण्याचा सराव तिथे फार चांगला होतो. पावसाळ्यात खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरू नका. शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय घसरला तर माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. त्या दिवसांत पडवी बरी. माडाखाली कधीच उभं राहू नका, कारण या व्यायामात नजर चेंडूवर असते, वर नसते.

आधी पाच मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी चालणं, दोन्ही हातांनी पुढे दहा आणि मागे दहा मोठे गोल, मग मनगटं फिरवणं. झटके नकोत.

मुख्य व्यायाम असा:

1. भिंतीवर छातीच्या उंचीला खडूने ताटाएवढा गोल काढा. भिंतीपासून दीड मीटरवर, म्हणजे साधारण दोन ढांगांवर, उभे राहा.
2. पाय खांद्याएवढे फाकवा, एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे किंचित वाकलेले. कंबर मागे वाकवायची नाही.
3. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरा. कोपरं बरगड्यांपासून फार लांब नकोत.
4. श्वास सोडत चेंडू गोलात ढकला. कोपरं जवळजवळ सरळ होऊ द्या, पण ताठ कुलूप लावल्यासारखी नकोत. त्या झटक्याने सांधा दुखतो.
5. परत येणाऱ्या चेंडूकडे हात पुढे न्या आणि तो हाताला लागताच कोपरं वाकवत छातीपर्यंत आणा. आवाज ऐका: ‘फट्’ असा वाजला तर हात ताठ राहिले, मऊ लागला तर झेल बरोबर.

असे दहा झेल म्हणजे एक फेरी. एकेक मिनिट थांबून तीन फेऱ्या करा, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

सर्वांत जास्त इजा बोटांना होते. ताठ बोटाच्या टोकावर चेंडू बसला की शेवटच्या पेराला सरळ करणारा स्नायूबंध तुटू शकतो. मग टोक खाली लोंबतं आणि आपलं आपण सरळ होत नाही. बोट ओढून ‘बसवायला’ किंवा तेल लावून चोळायला कुणाकडे जाऊ नका. जसं आहे तसं आधार देऊन बांधा आणि डॉक्टरांकडे जा. बहुतेकदा पट्टी लावून काही आठवडे ते पेर सरळ ठेवावं लागतं. हे टाळायचं तर बोटं चेंडूकडे रोखायची नाहीत. छातीवर येणाऱ्या चेंडूसाठी बोटं आभाळाकडे, कमरेखालच्यासाठी जमिनीकडे. अंगठ्या आधी काढून ठेवा.

मेळासाठी टेनिस बॉल खालून, कमरेच्या उंचीवरून, उजव्या हाताने भिंतीवर टाका आणि डाव्याने झेला, मग उलट. दहा-दहाच्या दोन फेऱ्या. डावा हात हमखास चुकेल, म्हणून तोच जास्त चालवा.

किनाऱ्यावर जोडीने करायचं असेल तर सकाळी जा. दुपारी खारे वारे सुटले की हलका चेंडू वाहवतो आणि झेलायला हात वेडावाकडा ताणला जातो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू पायाला बरी. भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. दमट हवेत तळवे सतत ओले होतात, दर फेरीनंतर पंचाने कोरडे करा.

थांबायचं कधी? दुखेपर्यंत वाट पाहू नका. एकाच फेरीत तीन झेल सुटले की स्नायू थकले, त्या दिवसापुरतं बस्स. खांद्यात टोचणारी कळ, हाताला मुंग्या किंवा बोटं बधिर होणं असेल तर लगेच थांबा. छातीत दाब येऊन डाव्या हातात कळ गेली तर व्यायामाचा विचार सोडून तडक दवाखाना गाठा. खांदा पूर्वी निखळलेला, हात नुकताच मोडलेला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. तोल जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हातांशिवायच्या भक्कम खुर्चीत बसून, समोरच्या माणसाबरोबर हलका चेंडू खेळावा.

सलग दोन आठवडे तिन्ही फेऱ्यांत दहापैकी दहा झेल आले की फुटबॉल घ्या, आणि तोही तसाच जमला की एक किलोचा मेडिसिन बॉल. घरी कापडी पिशवीत वाळू भरून करणार असाल तर समुद्राची वाळू नको. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं, वजन बदलतं आणि कापड कुजतं. धुऊन वाळवलेली नदीची वाळू दुहेरी शिवणीत भरा. ही पिशवी उसळत नाही, म्हणून भिंतीवर न मारता दोन्ही हातांनी हातभर वर उडवून झेला, तीही फक्त छातीसमोर, डोक्यावर नाही. विकतचा रबरी मेडिसिन बॉल मात्र जोरात परततो. त्याच्यासाठी भिंतीपासून आणखी एक ढांग मागे उभे राहा आणि पहिले पाच चेंडू निम्म्या जोराने टाका.