ब्रिटनमधला टीव्ही परवाना: कधी लागतो, कसा काढायचा, पैसे परत कसे मिळवायचे

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांचा हमखास होणारा गैरसमज म्हणजे घरात टीव्हीच नाही, तर परवाना कशाला? परवाना टीव्हीच्या खोक्याचा नसतो, तुम्ही काय बघता त्याचा असतो. कुठलंही चॅनेल प्रक्षेपण चालू असताना बघत किंवा रेकॉर्ड करत असाल, तर फोनवरसुद्धा परवाना लागतो. बीबीसी आयप्लेअर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवरचे जुने भाग बघायलाही १ सप्टेंबर २०१६ पासून तो लागतो.

'मी बीबीसी बघतच नाही' ही सबब चालत नाही. परवान्याच्या पैशातून मुख्यतः बीबीसीचा खर्च चालतो, पण नियम जगातल्या सगळ्या चॅनेलना लागू आहे. यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनेल लाइव्ह लावलंत, तर परवाना हवा. त्याच बातमीची क्लिप नंतर बघितली, तर नको. प्राइम व्हिडिओवर सिनेमा बघायला नको, लाइव्ह मॅचला हवा. रेडिओला मात्र काहीच लागत नाही.

आता पत्ता. परवाना माणसाला नाही, पत्त्याला मिळतो. चौघांनी मिळून एकाच करारावर घर घेतलं असेल, तर बहुतेक वेळा एकच परवाना पुरतो. प्रत्येकाचा खोलीपुरता स्वतंत्र करार असेल, तर ज्याच्या खोलीत लाइव्ह बघितलं जातं त्याला स्वतःचा हवा. विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, कॉमन रूमच्या टीव्हीचा परवाना असला, तरी तो तुमच्या खोलीला लागू होत नाही. घराबाहेर फोन किंवा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, तर घरचा परवाना चालतो. चार्जर प्लगला लावलात की ती सवलत संपली.

फी एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाली. ती एप्रिलमध्ये बदलते, म्हणून भरण्याआधी ताजा आकडा बघा. अर्ज टीव्ही लायसन्सिंगच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या यंत्रणेच्या, साइटवर करता येतो. पत्ता भाडेकरारातल्याप्रमाणे, फ्लॅट नंबरासकट लिहा. नंबर राहिला तर परवाना काढूनही 'परवाना नाही' अशी पत्रं येत राहतात. परवाना महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे २८ तारखेला काढलात तर जवळपास महिनाभराचे पैसे वाया जातात.

मासिक डायरेक्ट डेबिटमध्ये, म्हणजे बँकेतून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांत, बरेच जण फसतात. पहिल्या वर्षाची फी साधारण सहा हप्त्यांत घेतली जाते, म्हणजे वरच्या दराने महिन्याला २९ पौंडांच्या आसपास. नंतर हप्ता निम्म्यावर येतो. तिमाही डेबिटला वर्षाला ५ पौंड जास्त पडतात.

परवाना नकोच असेल, तर गप्प बसू नका. त्याच साइटवर 'परवान्याची गरज नाही' असं कळवा. नाहीतर 'लीगल ऑक्युपायर' (म्हणजे घरात राहणारा) असं नाव घालून तुमच्या पत्त्यावर दरडावणारी पत्रं सुरू होतात. ती वाचून घाबरायचं कारण नाही, पण ती आपोआप थांबतही नाहीत. तपासनीस दारावर आला तर कोर्टाच्या वॉरंटशिवाय त्याला आत घेण्याची सक्ती नाही. विनापरवाना बघताना सापडलात, तर मात्र १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, वर कोर्टाचा खर्च वेगळा. 'परवाना संपला, लगेच पैसे भरा' अशा ईमेलमधली लिंक दाबू नका. साइट स्वतः उघडून खात्री करा.

घर बदललं तर नवा परवाना काढू नका, फक्त पत्ता बदलून घ्या. कोर्स संपवून परत निघाला असाल आणि मुदतीचा निदान एक पूर्ण महिना उरला असेल, तर परतावा मागता येतो. उरलेल्या पूर्ण महिन्यांचेच पैसे मिळतात. नुसतं बँकेत डेबिट बंद करणं म्हणजे परवाना रद्द करणं नव्हे. आधी परवाना रद्द करा, परतावा खात्यात येऊ द्या आणि मगच बँकेचं खातं बंद करा.