चंद्र-पृथ्वीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

डिसेंबर आला की पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात थर्माकोलच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आलेली असतात. भाचीचं पहिलं मॉडेल मीच बांधून दिलं होतं, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका घरच्याच आहेत.

सगळ्यात फसवा भाग चंद्राच्या कला. अंधाऱ्या खोलीत बल्ब म्हणजे सूर्य, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी, काडीला टोचलेला गोळा म्हणजे चंद्र. बल्बकडे तोंड केलं की अमावास्या. हात लांब धरून डावीकडे पाव वळण घेतलं की गोळ्याची उजवी बाजू उजळते, ती शुक्ल अष्टमी. इथवर छान जमतं. मग बल्बकडे पाठ होते आणि ऐन पौर्णिमेला डोक्याची सावली गोळ्यावर पडून चंद्र गायब! भाचीने लगेच निष्कर्ष काढला, ‘म्हणजे मामा, कला पृथ्वीच्या सावलीमुळेच होतात.’ उपाय सोपा आहे. गोळा डोक्यापेक्षा थोडा वर धरा, पूर्ण उजळलेला दिसेल. तरी शंका उरलीच, तर द्वितीयेच्या संध्याकाळी पर्वतीवर जा. कोर मावळत्या सूर्याच्याच बाजूला असते. पृथ्वीची सावली तेव्हा आपल्या पाठीमागे, हडपसरच्या दिशेला. ती कोरीवर पडणार कशी?

गोळा वर का धरायचा, यातच पुढची चूक दडली आहे. चंद्राची तार टेबलाला समांतर लावली, की दर पौर्णिमेला चंद्रग्रहण आणि दर अमावास्येला सूर्यग्रहण होतं. खरी कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. 30 सेंटीमीटर त्रिज्येच्या तारेला एका बाजूला अडीच सेंटीमीटरच्या आसपास उचला, समोरच्या बाजूला तेवढीच खाली दाबा. ही कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या त्यांच्या जवळपास घडली तरच ग्रहण. तिथे दोन टिकल्या चिकटवा, आजीसुद्धा थांबून बघेल.

अंतराच्या बाबतीत टेबल पुरतच नाही. पृथ्वीचा गोळा 10 सेंटीमीटरचा घेतला, तर चंद्र पावणेतीन सेंटीमीटरचा आणि 3 मीटर लांब. सूर्य मात्र तीन मजली इमारतीएवढा आणि जवळजवळ 1200 मीटरवर. पृथ्वी शनिवारवाड्यापाशी ठेवली तर तो मंडईच्याही पलीकडे जाईल. तेव्हा ‘प्रमाणात नाही’ अशी चिठ्ठी लावून मोकळे व्हा.

पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढू नका. कर्कटकाने सरळ वर्तुळच काढा. 30 सेंटीमीटर त्रिज्या असेल तर सूर्य मध्यापासून फक्त 5 मिलिमीटर बाजूला सरकवा, बास. लांबट कक्षेमुळे ‘सूर्य जवळ म्हणून उन्हाळा’ हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, पुणेकर स्वेटर घालून चहा पितात तेव्हा. ऋतू होतात ते साडेतेवीस अंश कललेल्या अक्षामुळे. आणि हा कल फेरीभर एकाच दिशेला हवा. मी अक्षाची सुई दर वेळी सूर्याकडे झुकवली होती, म्हणजे पुण्यात बारमाही मे! आता सुईचं टोक कायम घड्याळाच्या भिंतीकडे ठेवतो.

चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, असं लिहिलेला तक्ता दरवर्षी एक तरी असतो. चंद्राच्या गोळ्यावर ठिपका काढा आणि तो पृथ्वीकडेच ठेवून फेरी मारा. फेरीत एकदा गोळा बोटांत वळवावाच लागतो.

मोटर लावली असेल तर एक हिशेब तयार ठेवा. चंद्राची फेरी 27.3 दिवसांची, पण पौर्णिमा ते पौर्णिमा 29.5. तेवढ्यात पृथ्वी पुढे सरकलेली असते, म्हणून चंद्राला दोन दिवस जास्त पळावं लागतं. परीक्षक हे विचारतात. मी तरी विचारतो.