मोठ्या मराठी दस्तऐवजातले मालकीचे फॉन्ट मुळापासून कसे बदलावेत

कंट्रोल + ए दाबायचे आणि यादीतून नवा फॉन्ट निवडायचा, ही रीत दोन पानांच्या अर्जाला चालते. तीनशे पानांच्या प्रबंधात तिने नासाडी होते. मराठी आणि इंग्रजी मजकुराला एकच फॉन्ट लागतो, शीर्षकांचा वेगळा फॉन्ट पुसला जातो, सिम्बॉल फॉन्टातून घातलेल्या ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन येऊ शकतात. तळटिपा आणि पानाच्या वरची-खालची पट्टी त्या निवडीत येतच नाहीत, म्हणून त्या जुन्याच फॉन्टात राहतात. शिवाय नवा फॉन्ट स्टाइलमध्ये (नाव दिलेल्या सजावटीच्या साच्यात) न जाता प्रत्येक तुकड्यावर वरून चिकटतो. पुढे स्टाइल बदलली तरी मजकूर हलत नाही.

इथे धरलेला दस्तऐवज नेहमीचा आहे: वर्डमध्ये लिहिलेला प्रबंध, मराठी मजकूर मंगल किंवा कोकिलामध्ये, इंग्रजी टाइम्स न्यू रोमनमध्ये. तो लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये उघडून नोटो सेरिफ देवनागरी आणि लिबरेशन सेरिफ या जोडीवर न्यायचा आहे.

हा खटाटोप करण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मंगल, कोकिला आणि अपराजिता हे मालकीचे, म्हणजे कंपनीच्या परवान्याने बांधलेले फॉन्ट विंडोज १० पासून ऐच्छिक पुरवणी संचात गेले आहेत, त्यामुळे प्रत्येक विंडोज संगणकावर ते असतीलच असे नाही. लिनक्सवर तर ते मुळात येत नाहीत. फॉन्ट सापडला नाही की प्रोग्राम दुसरा कुठलातरी लावतो, ओळींची उंची बदलते, आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक खोटे ठरतात. फॉन्टची फाइल उचलून मुद्रकाला द्यावी, तर परवाना आड येतो. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखालचे, नोटो आणि लिबरेशनसारखे फॉन्ट मात्र दस्तऐवजासोबत देता येतात, फाइलमध्ये बसवता येतात आणि दहा वर्षांनीही उतरवून घेता येतात. प्रबंध, कोश, संस्थेचा अहवाल अशा टिकाऊ लेखनासाठी याच फॉन्टांचा आग्रह धरावा.

आधी मजकूर युनिकोड आहे का ते पाहा

एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसले तर पुढे चला. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर तो मजकूर श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टात टंकलेला आहे. त्यात साठवलेली अक्षरे मुळात देवनागरी नाहीतच, केवळ फॉन्टने त्यांना देवनागरीचा आकार दिला आहे. असा मजकूर आधी त्या नेमक्या फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासावेत; परिवर्तक बहुधा तिथेच चुकतात. बऱ्याच प्रबंधांत काही प्रकरणे युनिकोडमध्ये आणि काही जुन्या फॉन्टात असतात, तेव्हा तपासणी प्रत्येक प्रकरणाची करा.

एका अक्षरामागे दोन खाने

ही गोष्ट कळली नाही तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. वर्ड आणि रायटर दोघेही प्रत्येक तुकड्यासाठी फॉन्टची वेगवेगळी नावे साठवतात: रोमनसाठी एक, चिनी-जपानीसाठी एक, आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी एक. या शेवटच्या खान्याला वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणतो, रायटर ‘सीटीएल’ किंवा ‘कॉम्प्लेक्स’. मराठी प्रबंधात यांतले रोमन आणि कॉम्प्लेक्स हे दोनच खाने कामाचे. आकार, ठळकपणा आणि तिरपेपणा हेही त्या दोन्हीकडे स्वतंत्र असतात. फॉन्ट बदलूनही मराठी मंगलमध्येच राहते किंवा आकार १४ केला तरी मराठी १२ वरच दिसते, ते याचमुळे.

दस्तऐवजात एकही इंग्रजी शब्द नसला तरी रोमन खाना बदलायलाच हवा. अवतरणचिन्हे आणि डॅश कित्येकदा त्या खान्यातून येतात, विशेषतः वर्डमध्ये.

रायटरमध्ये टूल्स → ऑप्शन्स मधल्या भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करा आणि तिथली भाषा मराठी ठेवा. भाषा हिंदी राहिली, तर ज्या फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ यांचे दोन्ही घाट आहेत तो हिंदी घाट दाखवील. मजकुरावर लागलेली भाषाही तपासा, कारण वर्डमधून आलेल्या फाइलीत ती अनेकदा हिंदी असते. वर्डमध्ये मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडली की फॉन्टच्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा भाग दिसू लागतो. तिथे नावाऐवजी ‘+बॉडी सीएस’ असेल, तर फॉन्ट थीममधून येतो आहे. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल नोंदलेला असतो. म्हणून तिथे फॉन्टचे प्रत्यक्ष नाव भरा.

कोणाच्या जागी कोण

रोमन बाजू सोपी आहे. टाइम्स न्यू रोमन, एरियल आणि कुरियर न्यू यांच्या जागी लिबरेशन सेरिफ, लिबरेशन सॅन्स आणि लिबरेशन मोनो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो. कँब्रियाच्या जागी कॅलाडिया. जॉर्जियाच्या जागी जेलासिओ. या जोड्यांत अक्षरांची रुंदी सारखी ठेवलेली आहे, त्यामुळे इंग्रजी ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतात.

देवनागरीत मंगल किंवा कोकिलाशी रुंदीने जुळणारा असा पर्याय नाही. पाने हलणार, हे धरूनच चालावे. नोटो सेरिफ देवनागरी लांब वाचनाला चांगला आहे आणि त्यात खरे ठळक वजन आहे. फक्त व्हेरिएबल फाइल न घेता रेग्युलर आणि बोल्डच्या वेगळ्या फाइली बसवा. एकाच फाइलीत सगळी वजने असलेला फॉन्ट पीडीएफ करताना अजूनही कुठे कुठे त्रास देतो. टिरो देवनागरी मराठी छापील पुस्तकासाठी फार देखणा, ल-श मराठी घाटाचे, सोबत तिरपा संचही आहे. पण त्यात ठळक नाही. ठळक केलेत तर प्रोग्राम अक्षर कृत्रिमपणे फुगवतो आणि जोडाक्षरांच्या फटी बुजतात. तो निवडलात तर शीर्षकांसाठी मुक्ता घ्या. शोभिका हा आयआयटी मुंबईचा फॉन्ट. संस्कृत अवतरणे बरीच असतील तर त्याचा विचार जरूर करावा.

आकाराचा अंदाज नुसत्या आकड्यावरून बांधू नका. कोकिला त्याच आकड्याला लहान दिसतो, म्हणून लोक तो १६ किंवा १८ वर वापरतात. नोटो त्याच आकाराला अवाढव्य दिसेल. एकच शंभर शब्दांचा परिच्छेद, ज्यात ‘र्त्स्न्य’, ‘ट्ट्य’, ‘ॲ’, ‘ऱ्या’, ‘कॉँ’ अशी अवघड अक्षरे आहेत, दोन्ही फॉन्टांत एकाखाली एक छापा. नव्या फॉन्टचा आकार अर्ध्या पॉइंटाने कमी-जास्त करत दोन्हीच्या ओळींची संख्या जुळवा.

ओळींतले अंतर ‘सिंगल’ ठेवू नका. तो हिशेब फॉन्टच्या आत नोंदलेल्या उंचीवर चालतो, आणि मंगलमध्ये ती फार मोठी आहे. फॉन्ट बदलताच पानावर जास्त ओळी बसू लागतात. पॉइंटात ठरावीक अंतर द्या: १२ च्या अक्षराला १९ किंवा २० पासून सुरुवात करा. फार कमी दिलेत तर वर्डमध्ये वरच्या मात्रा आणि अनुस्वार कापले जातात. ज्या परिच्छेदांत चित्र किंवा सूत्र ओळीत बसवलेले आहे, त्यांना मात्र ठरावीक अंतर लावू नका, चित्राची एकच पट्टी दिसेल.

प्रत्यक्ष बदल

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि तिची पीडीएफ काढा. पुढे पान-पान ताडायला ती लागेल. मग काम ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या स्वरूपात साठवा.

पहिले पाऊल स्टाइलचे. एफ११ दाबून डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडा, फॉन्टच्या पानावर दोन्ही खान्यांत नवी नावे आणि नवे आकार भरा. बहुतेक स्टाइली हिच्यापासून उतरतात. हेडिंग, तळटीप, हेडर, फूटर, कॅप्शन आणि अनुक्रमणिकेच्या पातळ्या यांत वेगळा फॉन्ट नोंदलेला असू शकतो. त्या एकेक उघडून पाहा.

मग वरून लावलेली सजावट. रायटरमध्ये कंट्रोल + एम ती काढतो, पण सोबत तिरपे, ठळक आणि मध्यभागी आणलेले सगळेच जाते. म्हणून आधी ते वाचवा. फाइंड अँड रिप्लेसमध्ये फॉरमॅटचे बटण दाबून तिरपा मजकूर शोधा, फाइंड ऑल करा, आणि सगळे निवडलेले असतानाच एम्फसिस ही कॅरॅक्टर स्टाइल लावा. ठळकासाठी स्ट्राँग एम्फसिस. हा शोध रोमनसाठी एकदा आणि कॉम्प्लेक्ससाठी एकदा, असा दोनदा करावा लागतो. ओव्या, अभंग, उतारे यांना स्वतःची परिच्छेद स्टाइल द्या. एवढे झाले की कंट्रोल + एम निर्धास्तपणे, एकेका प्रकरणावर चालवा. कॅरॅक्टर स्टाइली त्याने जात नाहीत. तळटिपांत जाऊन तेच पुन्हा करावे लागते.

सजावट इतकी गुंतलेली असेल की ती सोडवायला वेळच नाही, तर दुसरा मार्ग आहे आणि तो फारच कमी लोक वापरतात. फाइल ‘फ्लॅट एक्सएमएल ओडीएफ’ म्हणून साठवा. सगळा दस्तऐवज एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत येतो (चित्रांसकट, म्हणून ती बरीच मोठी होते). ती केट किंवा नोटपॅड++ अशा साध्या मजकुराच्या संपादकात उघडा. सुरुवातीलाच फॉन्टच्या घोषणांची यादी असते. प्रत्येकीत दोन नावे, एक आतल्या वापराचे आणि एक खऱ्या फॉन्टचे. आतले नाव तसेच राहू द्या, फक्त फॉन्ट-फॅमिली या गुणधर्मातले खरे नाव बदला. त्या घोषणेकडे बोट दाखवणारा सगळा मजकूर एका फटक्यात बदलतो. मंगल, मंगल१, मंगल२ अशा दोन-तीन घोषणा असतील, त्या सगळ्या बदला. नावात मोकळी जागा असेल तर त्याभोवतीची एकेरी अवतरणाची खूण मोडू नका. बुलेटच्या व्याख्येत कधी कधी नाव थेट लिहिलेले असते, म्हणून जुने नाव पूर्ण फाइलीत शोधा. पण ‘सगळे बदला’ करू नका, प्रबंधाच्या मजकुरातच तो शब्द आला असेल तर तोही बदलेल. साठवताना यूटीएफ-८ कायम ठेवा. या मार्गाने आकार बदलत नाहीत, ते नंतर स्टाइलमधून जुळवायचे.

ऑप्शन्समधली फॉन्ट रिप्लेसमेंट सारणी हा बदलाचा मार्ग नाही. ती तुमच्या संगणकावर फॉन्ट बदललेला दाखवते. फाइलीत जुनेच नाव राहते आणि दुसऱ्याच्या संगणकावर जुनाच गोंधळ होतो.

सुटलेले तुकडे पकडणे

पण हीच सारणी तपासणीला उत्तम. मंगलच्या जागी बलूसारखा जाडजूड, नजरेत खुपणारा फॉन्ट द्या, ‘ऑलवेज’ आणि ‘स्क्रीन ओन्ली’ या दोन्ही खुणा करा, आणि दस्तऐवज वरपासून खालपर्यंत सरकवा. जिथे मंगल उरला असेल ते शब्द लांबूनच दिसतील. बहुतेक तक्त्यांच्या खणांत, मजकुराच्या चौकटींत आणि इतर ठिकाणांहून चिकटवलेल्या अवतरणांत सापडतील. काम झाले की सारणीतली ती ओळ काढून टाका.

बुलेटसाठी विंगडिंग्ज किंवा सिम्बॉल वापरला असेल तर यादीच्या स्टाइलमध्ये साधा युनिकोड ठिपका द्या. सिम्बॉल फॉन्टातून घातलेली ग्रीक अक्षरे आणि गणिती चिन्हे एकेक शोधून त्यांच्या जागी युनिकोड अक्षरे टाका. यांना फॉन्ट बदलणे हा उपाय नाही. वर्डमध्येच काम ठेवणार असाल तर सूत्रांसाठी कँब्रिया मॅथच्या जागी स्टिक्स टू मॅथ चालतो. एक्सेलमधून आणलेल्या आलेखांतली नावे आलेख उघडूनच बदलावी लागतात, आणि चित्र म्हणून चिकटवलेला आलेख पुन्हा काढावा लागतो.

आता टूल्स → अपडेट → अपडेट ऑल करून अनुक्रमणिका ताजी करा. ‘पाहा पृ. १४२’ असे हाताने लिहिलेले संदर्भ मात्र ताजे होत नाहीत. ‘पृ.’ शोधून प्रत्येक ठिकाणी क्रॉस-रेफरन्स बसवा. नवे पान एंटर दाबत दाबत आणलेले असेल, तर ते सगळे एंटर काढून प्रकरणाच्या शीर्षकाच्या स्टाइलमध्येच ‘आधी पानखंड’ लावा, नाहीतर प्रत्येक प्रकरण पानाच्या भलत्याच जागी सुरू होईल.

शेवटी पीडीएफ काढून वाचकात तिच्या गुणधर्मांतले फॉन्टचे पान उघडा. तिथे केवळ तुम्ही निवडलेली नावे हवीत. मंगल दिसला तर एखादा तुकडा राहिला आहे. अनोळखी नाव दिसले, समजा डेजावू, तर तुमच्या फॉन्टात नसलेले एखादे चिन्ह दुसरीकडून उसने आले आहे. ते बहुधा बाण, बरोबरची खूण (✓) किंवा चौकटीचे चिन्ह असते. फाइल संपादनासाठी मार्गदर्शकाकडे जाणार असेल तर फाइल → प्रॉपर्टीज → फॉन्ट इथे फॉन्ट दस्तऐवजात बसवण्याची खूण करा. मुद्रकाला पीडीएफसोबत फॉन्टच्या फाइली आणि त्यांच्या परवान्याची फाइल एकाच फोल्डरात द्या.